कावळ्याची शिलाई

काका घाटाच्या पायरीवर उभे राहून ‘काव काव’ करत कावळ्यांना बोलावत होते, आणि मी मनातल्या मनात त्याच कावळ्यांना बजावत होते, खाली याल तर याद राखा.

माझ्या वडिलांचा दहावा होता. मी त्यांना दादा म्हणायची. चैत्रातलं ऊन डोक्यावर आलं होतं आणि नदीची नुसती धार उरली होती. दगडावर दर्भ, दर्भावर भाताचा पिंड, शेजारी दादांना आवडायची म्हणून कांद्याची भजी. समोरच्या पिंपळावर कावळ्यांची शाळा भरली होती. घिरट्या घालत होते, ओरडून कान किटवत होते, पण पिंडाजवळ एकही उतरत नव्हता.

“एवढं कावळं, आन् एकबी शिवंना,” गणूतात्या म्हणाले. भावकीत तेच सगळ्यांत म्हातारे. “दिगूचा जीव कशात तरी अडकलाय.”

“उन्हाचं यायचं न्हाईत ते,” काका म्हणाले. “भटजीबुवा, दर्भाचा कावळा करून लावा आन् मोकळं करा आम्हास्नी.”

खरा कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा करून पिंडाला लावायची सोय असते. पण तात्या अडून बसले. “दम धर, दत्तोबा. सख्खा भाऊ हाय तुझा. गाव काय म्हणंल?”

गाव काय म्हणेल याची काकांना फार काळजी. घरातली माणसं काय म्हणतात याची कधी नव्हती.

मी तेव्हा एवढीशी होते, शाळेत नावसुद्धा घातलं नव्हतं. आता माझी नातवंडं शाळेत जातात, तरी ते दिवस आठवले की माझी कानशिलं तापतात. झालं गेलं गंगेला मिळालं असं लोक म्हणतात. मी तसं काही मिळू दिलेलं नाही.

आमचं शिंप्याचं घर. शिवणं हा शब्द माझ्या कानावर बाळगुटीबरोबर पडलेला. दादा शिवायचे, आई शिवायची. सदरा शिवला, चोळी शिवली, गोधडी शिवली, दिवसभर तेच. महिन्यातले काही दिवस आई मागच्या दारी घोंगडीवर एकटी बसायची आणि काकू मला सांगायची, “हात लावू नगंस, तिला कावळा शिवलाय.” शिवणं म्हणजे स्पर्श होणं, हा दुसरा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता. मी आपला शिंप्याच्या पोरीनं घ्यावा तो अर्थ घेतला. कावळा येतो आणि आईला घोंगडीला शिवून टाकतो.

सगळं बरोबर जुळत होतं. आई उठत नव्हती, चुलीपाशी येत नव्हती, मला कुशीत घेत नव्हती. शिवलेलं माणूस उठणार कसं? चौथ्या दिवशी ती न्हाऊन मोकळी व्हायची, म्हणजे पहाटे कुणीतरी तिला उसवत असणार. मी लांब उभी राहून घोंगडीची कड निरखायची. धावदोरा घातलाय की टीप मारलीय, ते मात्र कधी दिसलं नाही.

एकदा मी दादांना विचारलं, “कावळा मशीनवर शिवतो का हातानं?”

दादा हसले, आणि हसता हसता खोकत सुटले. “चोचीनं गं, छबू. लई बारीक शिवतो.”

दादांना गंमत वाटली, आईला लाज वाटली आणि काकूला वेळ नव्हता. मोठी माणसं पोरांपुढं अर्धाच शब्द टाकतात आणि पोरांनी त्याचं काय केलं ते बघायला मागं वळत नाहीत. वर पोरांना म्हणतात, तुला काय कळतंय.

ओटीवर दादांचं पायाचं मशीन होतं. सगळ्या घरात आमचं म्हणावं असं तेवढंच. दादांनी अंथरूण धरल्यावर, रात्री गल्ली निजली की, आईच कपडे शिवायची. गिऱ्हाइकं ‘दिगू शिंप्याचा हात’ म्हणून कौतुकानं सदरा घालून जायची, आणि दादा अंथरुणातून डोळे मिचकावायचे. काका आठवड्याच्या बाजारात कापड विकत. त्यांना शिवता येत नव्हतं. पण त्यांच्या विमलचं लग्न ठरलं होतं, जावई शिंपी होता, आणि त्याला ‘देतो की एक चालू मशीन’ असं काका बोलून बसले होते. दादा अजून खोकत होते तेव्हाच. मशीन गेलं की आईनं काय करायचं, तेही ठरलेलं होतं. काकूच्या हाताखाली राबायचं आणि दोन वेळचं गिळायचं.

हे मला सगळं ठाऊक होतं, कारण ते माझ्याच तोंडून गेलं होतं. थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नसे, अशी आमच्याकडची रीत. मध्ये मी. “छबे, तुझ्या आईला म्हणावं, मशीन विमलला जाणार हाय.” आई तीन हातांवर बसलेली असायची, तिला ऐकू आलेलं असायचं, तरी मी तिच्याकडं वळून तेच पुन्हा म्हणायची. पोस्टातला माणूससुद्धा पाकिटात काय आहे ते जाणत नाही. माझ्यापुढं सगळी पाकिटं उघडी असत.

आणि दादा गेले तो दिवस.

त्या दिवशी आई मागच्या दारी होती. दादांना सकाळपासून धाप लागली होती. काका बाजारला गेलेले. दादा आतून हाका मारत होते, “मालन, पाणी दे गं.” आई उठून मधल्या दारापर्यंत आली, तर काकू चौकटीत आडवी उभी.

“बस तिथंच. आजारी माणसावर सावली पाडू नगंस. मी हाय की पाणी द्यायला.”

“आक्का, ते मला बोलवत्यात.”

“बस म्हणते ना.”

आई मागं सरकत जाऊन घोंगडीवर बसली. मला वाटलं, ती दारापर्यंत आली म्हणजे शिवण सैल झालीय, आता नुसता दोरा कापायचा उरलाय. मी ओटीवर धावले. दादांची कापड बेतायची मोठी कात्री मला एका हातानं उचलायची नाही, ती दोन्ही हातांनी आणली आणि आईचं लुगडं आणि घोंगडी यांच्या मधे तिचं टोक घातलं.

“थांब आई, तुला उसवते. मग जा दादांकडं.”

आई माझ्याकडं बघतच राहिली. तेवढ्यात काकूनं मागून येऊन माझ्या थोबाडीत दिली. “आगं, शिवलीस व्हय तिला? चल, न्हाऊन घे आधी.” तिनं मला दंडाला धरून मोरीत नेलं आणि माझ्या डोक्यावर तांब्यावर तांबे गार पाणी ओतलं. आतून दादांची हाक येत होती. मग बारीक झाली. मग आलीच नाही. घरात पाणी द्यायला काकू होती, पण काकूचे दोन्ही हात माझ्यात गुंतले होते. आईचे मोकळे होते, तर तिला बसवून ठेवलेलं. माझे वडील पाणी पाणी करत गेले आणि त्या घरातलं सगळं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं जात होतं.

काकूनं नंतर गल्लीभर सांगितलं, “शेवटचं पाणी माझ्याच हातचं घेतलं बाई.”

मी काकूवर रागावले नाही. रागवायची माझी अक्कल तेवढी वाढली नव्हती. मी कावळ्यावर रागावले. त्यानं आईला शिवलं नसतं तर ती गेली असती, असा माझा सरळ हिशेब होता.

दहाव्याच्या सकाळी घरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. कावळा शिवला पाहिजे, लवकर शिवला म्हणजे बरं. मी ऐकत होते. आता आणखी कुणाला शिवणार? घाटावर काकूनं पिंडाकडं बोट केलं. “ते बघ, ते तुझं दादा. आता कावळा शिवला की सुटलं बघ.”

सुटलं कसं? त्या दगडाला शिवून टाकलं की दादा घरी यायचे कसे?

पण मी रिकाम्या हातानं आले नव्हते. उन्हाळा लागला की काकूचे पापड-कुरडया अंगणात वाळत पडायच्या आणि राखायला ती मला बसवायची. काकूनंच मला शिकवलं होतं, “हे काळं फडकं हलवत बस. कावळ्याला वाटतंय मेलेला कावळाच हाय, मग ते वरनं बोंबलतंय, पर खाली येत न्हाई.” फडकं म्हणजे दादांच्या कामातला अस्तराचा तुकडा. तोच मी परकराच्या ओच्यात खोचून आणला होता. आई पिंडाच्या डाव्या अंगाला डोक्यावरून पदर घेऊन बसली होती आणि मी तिला चिकटून. मांडीवर फडकं धरून मी ते हळूहळू फडफडवत होते. कावळे वरून बोंबलत होते.

सगळा गोतावळा माना वर करून पिंपळाकडं बघत होता. एवढ्याशा पोरीच्या मांडीवर काय आहे ते बघायला कुणाला सवड होती?

काका पुढं झाले, हात जोडले. “दिगू, तुझ्या पोरीचं लगीन मी लावून देईन.”

मला लग्न नको होतं. मी फडकं हलवलं.

“वर्षश्राद्ध थाटात करीन.”

कावळे बोंबलले, पण आले नाहीत.

“देवीची खणानारळानं ओटी भरीन. आता आणि काय पायजे तुला?” काकांच्या आवाजात आता मेलेल्या भावाचा राग आला होता. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि काकूकडं पाहिलं. काकूनं ओठ मुडपले.

तेव्हा माझ्या हातावर आईचा हात आला. एकट्या तिची मान खाली होती, त्यामुळे फडकं एकट्या तिलाच दिसलं होतं. मला वाटलं, आता काढून घेणार आणि घरी गेल्यावर मार. तिनं काढून घेतलं नाही. तिनं माझी मूठ आपल्या मुठीत धरली आणि पदराआडून फडकं जरासं वर उचललं. मला बरं वाटलं. आईलाही दादांना शिवू द्यायचं नाहीय, असं मी धरून चालले.

“मालन,” गणूतात्या म्हणाले, “तूच सांग पोरी. दिगूच्या मनात काय राह्यलं हुतं?”

“तिला काय ठावं असणार?” काका म्हणाले.

“बायको हाय त्याची. तिला न्हाई तर काय मला ठावं असणार?”

आईनं मान वर केली नाही. “छबे,” ती म्हणाली, “काकांना सांग. दादा म्हणालं हुतं, मशीन आईचं. ते ओटीवरनं हलवायचं न्हाई आन् त्याच्यावर तुझी आईच बसंल.”

मी खणखणीत आवाजात सांगितलं. निरोप सांगायची मला सवय होती. घाटावरची बायकामाणसं, भटजी, शेजारी, नदीत म्हशी धुणारे, सगळ्यांनी ऐकलं.

“असं कवा म्हणला दिगू?” काका गुरकावले. “मला कसं बोलला न्हाई?”

“तुला कशाला बोलंल?” तात्या म्हणाले. “म्हणला असंल, नसंल. तू वचन दे. खरं का खोटं ते कावळाच सांगंल.”

काका पिंडापुढं गेले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. आईची मूठ सैल झाली नाही.

“मोठ्यानं बोल, दत्तोबा. मेलेल्या माणसाला ऐकू जाया पायजे.”

“मशीन तिचं,” काका ओरडले. “ओटीवरनं हलवणार न्हाई. झालं?”

आईनं माझ्या हातातलं फडकं ओढलं आणि त्याच्यावर बसली.

कावळे ताबडतोब काही आले नाहीत. आधी एक पायरीवर उतरला, मान वाकडी करून बघत तिरका तिरका चालत आला आणि त्यानं पिंडात चोच मारली. मग झुंबडच. भजी तर डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली. “शिवला, शिवला,” माणसं म्हणाली. बायकांनी डोळ्याला पदर लावले. आणि मी गळा काढून रडले, कारण आईनं मला दगा दिला होता.

घरी येताना आम्ही दोघी मागं राहिलो. मी तिचा हात धरला नाही.

“तू का शिवू दिलंस दादांना?”

आई वाटेतच थांबली. तिला हसू आलं आणि लगेच डोळेही भरले. “आगं, दादा कवाच उसवून गेलं, छबे. त्यांना आता कुणी शिवू शकत न्हाई. शिवून ठेवत्यात ते जित्या माणसाला.”

“कावळा?”

“कावळ्याला कुठं सुई धरता येतीय?” ती म्हणाली, आणि पुढं चालायला लागली.

तेरावा झाला, सुतक फिटलं. आई ओटीवर मशीनपाशी बसायला लागली. गल्लीतल्या बायका येता-जाता बघायच्या आणि पुढं जाऊन कुजबुजायच्या, आणि त्यातल्याच दोघीतिघी संध्याकाळी चोळीचं कापड घेऊन यायच्या. मला वाटलं, झालं. वचन ते वचन. पोरांना वाटतं तसं, बोललं की ते असतंच.

तेराव्यानंतर दोन-तीन दिवस गेले असतील. भर सकाळी दारात बैलगाडी थांबली. काका, मागून विमलचा होणारा नवरा आणि गाडीवान. जावयानं दोरखंड आणला होता.

“छबे,” काका म्हणाले, “तुझ्या आईला म्हणावं, बाजूला हो. पाव्हणं मशीन न्यायला आलंत.”

मी म्हणाले, “काका, तुम्ही घाटावर बोलला होता.”

“ते दिगूसाठी हुतं. कावळा शिवला, त्याचा आत्मा सुटला, काम झालं. पोरीच्या जातीनं मधे बोलू नये.”

एवढा मोठा माणूस मेलेल्या भावाशी खोटं बोलतो आणि त्याला शेंडीपासून टाचेपर्यंत काही होत नाही, हे मी पहिल्यांदाच बघत होते. जावई खाली वाकला आणि त्यानं मशीनच्या लोखंडी पायाला हात घातला.

आईनं चाक थांबवलं. दोन्ही हातांचे पंजे मशीनवर पसरून ठेवले.

“छबे, काकांना सांग,” ती म्हणाली, “मला कावळा शिवलाय.”

ती काही मागच्या दारी नव्हती. घोंगडीवर नव्हती. चांगली ओटीवर, उजेडात, रस्त्याला तोंड करून बसली होती. मी तिच्या लुगड्याची कड बघितली, ती कशालाच शिवलेली नव्हती. पण निरोप तो निरोप. मी ओटीच्या कडेला येऊन सांगितलं, आणि समोरच्या वाण्याच्या दुकानातली माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

जावयानं विंचू चावावा तसा हात मागं घेतला.

काकू आतून तरातरा आली. “खोटं बोलतीया. महिना तरी झाला का? मला ठावं न्हाई व्हय?”

“कावळ्याला काय पंचांग वाचता येतंय, आक्का?” आई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “खोटं वाटत असंल तर या, मला धरून उठवा. तुमचाच नेम हाय. त्या दिशी तुम्ही मला बसवलंत आन् मी बसले. तिकडं माझा माणूस पाणी मागत मेला, तरी मी तुमचा नेम मोडला न्हाई. आता तुम्हीबी मोडू नगा.”

काकू उंबऱ्याच्या आत होती तिथंच राहिली. तिनं नुसतं एक पाऊल टाकायचं होतं. दाराशी गल्ली जमली होती. शेवटचं पाणी कुणाच्या हातचं, हे गल्लीला आता कळलं होतं.

जावई काकांना म्हणाला, “मामा, असली वस्तू लग्नात कशी घ्यायची? घरात नवी नवरी येणार.”

“थांबा वं पाव्हणं. चार दिसांनी गोमूत्र शिंपडून आणून देतो,” काका म्हणाले. चेहरा तांब्यासारखा लाल झालेला. तरी रीत सुटली नाही, ते माझ्याकडंच वळले. “छबे, इचार तुझ्या आईला, कवा मोकळी होणार हाय म्हणावं.”

मी आईकडं वळले. “आई, काका विचारतात, कधी मोकळी होणार?”

तुटलेला दोरा आईनं ओठांत ओला केला, सुईत ओवला आणि पावडीवर पाय ठेवला. मशीन चालू झालं. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि सांगायला माझ्यापाशी निरोप नव्हता.

“काका,” मी म्हणाले, “आई म्हणती, आता रोज शिवणार.”

आई असं काही म्हणाली नव्हती. पण तिनं मला खोटं पाडलं नाही, आणि गाडी रिकामी परत गेली.